उशिरा पोचणारा आवाज

बटण दाबताना आप्पांच्या उजव्या तर्जनीचं नख पांढरं पडे आणि सोडलं की पुन्हा गुलाबी होई. धडधाकट माणसात हे इतकं झटकन होतं की कुणाच्या लक्षातही येत नाही. आप्पांच्या बोटात जोर उरला नव्हता. पांढरेपणा नखाच्या टोकाशी सुरू व्हायचा, सावकाश मुळाकडे सरकायचा, आणि मुळाशी पोचला की बटणाचा 'टक' असा बारीक आवाज यायचा. त्या आवाजासरशी त्यांच्या डोळ्यांसमोरच्या छोट्या पडद्यावर एक अक्षर निवडलं जायचं. कधी पांढरेपणा अर्ध्यावरून परत फिरायचा. मग अक्षर निसटायचं आणि अक्षरांवरून आपोआप सरकणारी चौकट पुन्हा पहिल्या ओळीपासून फिरू लागायची.

डॉक्टर मुजावर आमच्या विट्याच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या सकाळी मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्या नखाकडेच बघत होते.

"काका," खुर्ची पुढे ओढत त्या म्हणाल्या, "मास्क आता पुरत नाहीये. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतोय. सकाळी डोकं धरतं, दिवसा गुंगी येते, ते त्यामुळे. पुढे दोन वाटा आहेत. घशाला छिद्र पाडून नळी बसवायची आणि श्वासाचं मशीन कायमचं लावायचं. किंवा ते न लावता, जेवढं आहे तेवढं, त्रास होऊ न देता. दोन्हींत मी आहे तुमच्याबरोबर. पण कोणती वाट, ते तुम्ही सांगायचं."

आप्पांनी ऐकलं. चौकट फिरू लागली. टक.

"मशीन लावायचं, मॅडम," दाराला टेकलेला माझा धाकटा भाऊ दिगंबर म्हणाला. तो चाकणहून आला होता, अंगात अजून कंपनीचा शर्ट होता. "ह्यात विचारायचं काय? बाप आहे माझा. मोडका माग नव्हं, भंगारात घालायला."

"मी त्यांना विचारलंय."

"आम्ही पण विचारलं की. डोळे मिटून हो म्हणाले."

"त्यांच्या पापण्या कोरड्या पडतात," मी म्हणाले. "त्या दिवसभर मिटतच असतात."

"मग काय नको म्हणाले, ताई?"

"मी कुठं म्हटलं तसं? पापणीवरून काही ठरवायचं नाही, एवढंच म्हणतेय."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला त्यांच्या शब्दांत हवंय."

टक. टक. आम्ही सगळे थांबलो. पडद्यावर काय लिहिलं जातंय हे वाकून बघायची कुणाची हिंमत नव्हती. तो आप्पांचा नियम होता. अक्षरं जुळत असताना कुणी डोकावून वाचलं की ते अख्खी ओळ पुसून टाकत. 'माझ्या तोंडात बघायचं न्हाई,' हे त्यांनी या यंत्रावर लिहिलेलं जवळजवळ पहिलं वाक्य होतं.

शेवटी त्यांनी 'बोला' निवडलं. पलंगाखालच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरू लागला. पुढे काहीच झालं नाही.

डॉक्टर थोडा वेळ थांबल्या. आईनं चहा आणला, त्यांनी तो घेतला. दिगू विचारत होता, लाइट गेली तर मशीनचं काय, इन्व्हर्टर केवढा लागेल. त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्या उठल्या. "काका, विचार करा. मी परत येईन. पण लांबवू नका. बोट चालतंय तोवर ठरवू या."

आम्ही तिघं त्यांना सोडायला जिना उतरलो. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली, आणि आमच्या माडीच्या खिडकीतून जत्रेतल्या कर्ण्यासारखा खणखणीत आवाज आला.

"थांबा मॅडम. एक विचारायचंय."

गाडी वळली होती.

मी धावत वर गेले. आप्पा छताकडे बघत होते. "काय विचारायचं होतं, आप्पा?" मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. या वेळी ते मिटणं कोरड्या पापणीचं नव्हतं.

आमचे आप्पा म्हणजे सर्जेराव शेडगे. पोटासाठी यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. बिघडलेला माग नुसता कानानं ओळखत. पण खानापूर, तासगाव, आटपाडी भागात लोक त्यांना ओळखत ते कुस्त्यांचे निवेदक म्हणून. जत्रेच्या मैदानात माईक हातात आला की अंगानं बारीक असलेला हा माणूस दोन तास थांबत नसे. कोणता पैलवान कुठल्या तालमीचा, त्याच्या आज्यानं कुठं गदा मिळवली, कोण पायात शिरून पट काढणार, कोण घिस्सा मारणार, हे ते डाव पडायच्या आत सांगायचे. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना येतच नसे. आई म्हणायची, "ह्यांनी कानात काय सांगितलं की ते शेजारच्या आळीला कळतंय."

त्यांच्या आजारानं आधी जीभच नेली. मग हात, मग पाय. उरलं होतं ते एक बोट.

मी कोल्हापूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. तिथल्या कॉम्प्युटर विभागातल्या एका सहकाऱ्यानं आप्पांच्या कुस्त्यांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांचा आवाज बांधून दिला. हलगीचा आणि गर्दीचा गोंगाट मी गाळून काढला होता. पण आरोळी काही गाळता आली नाही. पहिल्या दिवशी आप्पांनी "उशी खाली घ्या" एवढंच लिहिलं, आणि ते असं काही आलं की जणू दोन नामांकित पैलवान हातात हात घालून मैदानात उतरताहेत. आई खो खो हसली. हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आवाज तर मिळाला होता, पण तो यायला वेळ लागत होता. वाक्य पुरं झालं की कपभर चहा पिऊन संपेपर्यंत खोलीत शांतता. तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. आप्पांचं "नको" यायचं तेव्हा त्यांना कूस बदलून दिलेली असायची. पाहुण्याला मारलेला टोमणा पाहुणा चप्पल घालून गेल्यावर यायचा. हळूहळू लोक त्यांच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. त्यात दुष्टपणा नव्हता. माणूस गप्प असला की त्याच्या बाजूचं बोलायची आपल्याला सवयच असते.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर दिगू मला गॅलरीत घेऊन गेला.

"ताई, हे तू बोलायचं यंत्र केलंयस का पोस्टखातं?"

"बघते मी."

"दोन महिने बघतीयेस. बाई जिना उतरून गेली तरी आमचा बाप तोंड उघडंना. आता पुढच्या वेळी पण असंच झालं तर? बोटानं दगा दिला तर? मी सही करून मोकळा होणार, सांगून ठेवतो. मग तू आण तुझी पापणी आणि तुझा नियम."

तो रडायच्या बेतात होता, म्हणून मी आत जाऊन कॉम्प्युटरशी बसले.

दोष कुठं होता ते मला ठाऊक होतं. आप्पांच्या पडद्यावरून वाक्य निघायचं ते पलंगाखालच्या कॉम्प्युटरकडे जायचं. तिथला प्रोग्राम ते घ्यायचा, डिस्कवरून आवाजाची ती अवाढव्य फाइल उचलून मेमरीत भरायचा, वाक्य बोलायचा, आणि काम झालं म्हणून सगळं टाकून द्यायचा. पुढचं वाक्य आलं की पुन्हा पहिल्यापासून. बोलणं क्षणाचं होतं, सगळा वेळ भरण्यात जात होता. एखाद्याला हाक मारावी, त्यानं दूरच्या गावाहून एसटीनं यावं, एक वाक्य बोलावं आणि लगेच गावाला परत जावं. मग दुसऱ्या वाक्याला पुन्हा हाक. त्याला इथंच ठेवून घ्यायचं होतं. आवाज एकदाच भरायचा आणि दोन वाक्यांच्या मधल्या वेळातही मेमरीत धरून ठेवायचा. सांगायला सोपं होतं.

मी तसं केलं, आणि दुसऱ्याच वाक्याला कॉम्प्युटर मेला. आप्पा लांबलचक काहीतरी लिहीत होते. पडदा काळा झाला, आणि सकाळपासून एकेक करून जमवलेली अक्षरं गेली. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानापर्यंत ओघळलं. ते पुसायला त्यांना हात नव्हता. मी पुसलं.

"तिला करू द्या जरा," आई त्यांना म्हणाली. "एवढं काय लिवत होता? महाभारत?"

कारण सापडायला संध्याकाळ झाली. तो बोलणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, स्वतःच्या चार प्रती चालवत होता. एकाच वेळी चौघांनी काही मागितलं तर कुणाचा खोळंबा होऊ नये, अशी ती मूळची मांडणी. प्रत्येक प्रत आपापला वेगळा आवाज मेमरीत भरून बसली होती, चार आप्पा एका जुन्या कॉम्प्युटरच्या छातीवर. आमच्याकडे बोलणारा एकच होता. मी तीन प्रती बंद केल्या.

मग दुसरं दुखणं निघालं. वाक्यं लागोपाठ आली तर आवाज लगेच यायचा, पण आप्पा दुपारी झोपून उठले की पुन्हा तोच उशीर. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही की सर्व्हर आपली रिकामी बसलेली प्रत मिटून टाकायचा. तो समजायचा, आता कुणी बोलणार नाही. मी ते बंद केलं. कॉम्प्युटर सुरू होतानाच, कुणी काही म्हणायच्या आधी, आवाज भरून तयार राहील असं केलं. आणि थोडा वेळ वाचावा म्हणून आणखी एक बदल केला. पूर्वी ज्या पडद्यावरून वाक्य जाई तिथंच आवाज परत येई. आता तो थेट पलंगाशी ठेवलेल्या स्पीकरवर वाजू लागला. दिगू तेव्हा चाकणला परत गेला होता. पहिल्या दिवसांत तपासून बघायला म्हणून, जिथं काहीही टाइप केलं की आप्पांच्या आवाजात वाजे त्या पानाचा पत्ता मी त्याच्या फोनवर दिला होता. तो त्याच्याकडे राहिला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

या सगळ्यात आठवडा गेला. तेवढ्यात आप्पांचं बोट आणखी मऊ झालं. बटणातली स्प्रिंग मी दोनदा बदलली, दुसऱ्यांदा बॉलपेनमधली काढून घातली. त्यांना दिवसाही झोप येत होती, आणि जागे झाले की काही क्षण मला ओळखत नसत. मी डोळे मिटले की ती फिरणारी चौकट दिसायची. कुठल्याही अक्षरावर न थांबता ती नुसती फिरतच राहायची.

आवाज पहिल्यांदा वेळेवर आला तो एका मंगळवारी. आई त्यांची दाढी करत होती. "हलू नका," ती सवयीनं म्हणाली.

टक. टक. मग 'बोला', आणि लगोलग:

"कसा हलू?"

आईचा हात थांबला. वस्तरा बाजूला ठेवून ती हसायला लागली, आणि या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही.

ते चार-पाच दिवस घरात खूप बोलणं झालं. आप्पा लहान वाक्यं लिहीत, पण ती जागच्या जागी पडत. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू भेटायला आला आणि, "गुण येईल हो, इच्छाशक्ती पाहिजे," म्हणाला. आप्पा म्हणाले, "तुमच्यात आहे ना? मग नळ दुरुस्त करा." मला म्हणाले, "उजे, जेवलीस का? तोंड उतरलंय." चहाचा कप घेऊन कुणी जवळून गेलं की, "वास तरी घेऊ दे." शनिवारी दिगू आला तर त्याचं स्वागत झालं, "दिग्या, पोट किती सुटलंय. पट काढायला कुणी वाकलं तर अडकंल." दिगू पलंगाशी बसला आणि त्यांच्या पोटावर डोकं ठेवून हसला. हसताना त्याचे खांदे ज्या तऱ्हेनं हलत होते ते बघून मी तोंड फिरवलं.

ते सगळं बोलले. मशीनबद्दल मात्र एक अक्षर बोलले नाहीत.

मी विचारलं. एकदा आडून, एकदा सरळ. "आप्पा, मॅडम सोमवारी येणार आहेत. काय सांगायचं?" चौकट फिरत राहिली, बोट जागचं हललं नाही. पडद्याकडे बघायचं सोडून ते दाराकडे बघत होते. दाराबाहेर आई गुडघा धरून पायरीवर बसली होती आणि चादरी पिळत होती. मी पुन्हा विचारलं. बऱ्याच वेळानं टक झालं, आणि आवाज म्हणाला, "पंखा कमी कर."

उशीर यंत्राचा आहे असं मी धरून चालले होते. आता यंत्रात उशीर नव्हता.

मला वाटत होतं, मला उत्तर ठाऊक आहे. पूर्वी एकदा एका म्हाताऱ्या पैलवानाची कुस्ती बघून ते घरी आले होते. भाकरी मोडत म्हणाले होते, "हरण्याआधी लंगोट खुंटीला लावता आला पाहिजे माणसाला." त्या वाक्यावर मी सगळं उभं केलं होतं. ते 'नको' म्हणतील, आम्हाला सांगायला जड जातंय म्हणून गप्प आहेत, असं मी स्वतःला समजावलं होतं. ते बोलले की दिगूला कसं धरायचं, आईला कसं सांगायचं, हेही मनात जुळवून ठेवलं होतं. फक्त त्यांनी बोट असेपर्यंत ते म्हणायला हवं होतं. न बोलताच बोट गेलं असतं तर जन्मभर आम्ही दोघं बहीणभाऊ एका मिटलेल्या पापणीवरून भांडलो असतो.

सोमवारी डॉक्टर आल्या तेव्हा आप्पांचे ओठ निळसर दिसत होते. दिगूनं रजा वाढवून घेतली होती. तो गॅलरीत येरझाऱ्या घालत होता, आत यायला तयार नव्हता. "तूच विचार," तो मला म्हणाला. "मला ते गप्प बसलेलं बघवत नाही."

डॉक्टरांनी छाती तपासली. मग बॅगेतून ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढला आणि आप्पांच्या उजव्या तर्जनीला लावला. आकडा बघून त्या आप्पांकडे वळल्या.

"काका, आज ठरवायला हवं," त्या म्हणाल्या. "आज तुम्ही हो म्हणालात तर उद्या सकाळीच हलवू. नको म्हणालात तर मी औषधं बदलते. पण आज."

आई पायथ्याशी उभी होती. मी डॉक्टरांच्या मागे. 

"लावा मशीन," स्पीकर म्हणाला. "माझी हरकत नाही. लावा मशीन."

त्यांचाच आवाज, तोच चढा सूर. डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. "ठीक आहे, काका," त्या म्हणाल्या आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून फोन काढू लागल्या. आईनं पदर तोंडाला लावला.

आप्पांचे डोळे विस्फारले होते. ते माझ्याकडे बघत होते.

"मॅडम," मी म्हणाले, "त्यांचं बोट तुमच्या चिमट्यात आहे."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चिमट्याकडे. बटण चादरीवर सुटं पडलं होतं.

गॅलरीचं दार उघडलं. दिगू आत आला. फोन हातातच होता, चेहरा राखेसारखा.

"मला वाटलं माझ्या फोनवर वाजंल," तो म्हणाला. "पहिल्यांदा तसंच वाजायचं. मला नुसतं ऐकायचं होतं. आप्पा हो म्हणाले तर कसं वाटंल ते. शप्पत, ताई. कुणाला फसवायला नव्हं."

 तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

मी चिमटा काढला आणि आप्पांचं बोट बटणावर ठेवलं. ते गार होतं. चौकट फिरू लागली. पहिल्यांदा अक्षर निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. मी त्यांच्या मनगटाखाली घडी केलेला रुमाल सरकवला. टक.

"हे माझं बोलणं न्हाई," आवाज म्हणाला.

"कळलं, काका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आता कोरडा, सांभाळलेला होता. "म्हणजे तुम्हाला मशीन नकोय. असं धरू?"

माझ्या मनात एकदम सगळं शांत झालं. येणार होतं ते आलं होतं. मी दिगूकडे वळत होते तेवढ्यात टक झालं. मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. डॉक्टर उभ्याच राहिल्या. मला ते वाक्य अर्ध्यावर थांबेल असं वाटत होतं, बोट तसं थरथरत होतं. पण आप्पांनी 'बोला' गाठलं.

"त्या दिवशी विचारायचं होतं. रात्री नळी कोण साफ करणार."

डॉक्टर खुर्चीवर बसल्या. "नळीत कफ साठतो, तो सक्शननं ओढून काढायचा," त्या सावकाश म्हणाल्या. "घरातलंच कुणीतरी. मी शिकवते. रात्रीतून बरेचदा उठावं लागतं, काका. रोज. खोटं कशाला सांगू? जो करतो त्याची झोप जाते."

आप्पांची नजर आईवर गेली. आईच्या गुडघ्यांवर. मग तिथून हलून छताकडे गेली.

आईनं ती नजर पाहिली. पदर तोंडावरून काढून ती पलंगाला वळसा घालून त्यांच्या डोक्याशी आली.

"माझ्या झोपंपायी गप बसलाय व्हय?"

चौकट फिरत होती. बोट हललं नाही.

"तुमालाच विचारतीया. हिकडं बघा. जत्रा म्हणून मध्यान रातीला यायचा, बरोबर धा माणसं आणायचा जेवायला. कवा विचारलं का, इंदे झोपलीस का? आणि आता दया आली." तिनं माझ्याकडे, मग दिगूकडे बोट केलं. "ह्या पोरीला वाटतंय, तुमी नको म्हणताय. त्या पोराला वाटतंय, हो म्हणताय. दोगं एकमेकाचा गळा धरायला बसल्याती. आणि तुमी माझ्या गुडघ्याचा हिशोब घालून पडलाय."

"आई," मी म्हणाले.

"तू गप, उजे." ती त्यांच्यावर वाकली. पडद्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "मला हुईल न्हाईतर हुणार न्हाई. ते माझं मी सांगंन, मला तोंड हाय. दिगू उठंल, बाई ठिवू, काय करायचं ते आमी करू. ते तुमी ठरवायचं न्हाई. तुमी तुमचं सांगा. जगायचंय का न्हाई?"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा केव्हाच हलायचा थांबला होता, त्यामुळे त्यावर काही दिसलं नाही. फक्त श्वास जोरात चालू होता, मास्कच्या आतून वाफ धरत होती आणि विरत होती. दिगूनं डोकं वर केलं होतं. डॉक्टरांनी फोन मांडीवर पालथा ठेवला.

टक.

चौकट एकदा पूर्ण फिरून आली. टक. एक अक्षर चुकलं असावं, कारण त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. आई त्यांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत होती आणि पदर त्यांच्या डोळ्यांपुढे येऊ देत नव्हती. बाहेर भाडेकरूच्या रेडिओवर बाजारभाव चालले होते. कुणीतरी तो बंद केला. टक. टक. बोट बटणावरून घसरलं, मी ते परत ठेवलं, आणि त्यांनी 'बोला' दाबलं.

पलंगाखालचा पंखा घरघरला नाही. मध्ये काहीच वेळ गेला नाही.

"मला जगायचंय, इंदे," आप्पा म्हणाले. "लावा मशीन."